ग्राफिक्स कार्ड : जुन्या संगणकासाठी निवड

मॉनिटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राची आकडेमोड करणारा स्वतंत्र प्रक्रियक, त्याची स्वतःची स्मृती, विद्युत् पुरवठ्याचे नियमन करणारी मंडले व उष्णता बाहेर टाकणारी योजना ही सर्व ज्या एका मुद्रित मंडलावर एकत्र असतात आणि जे मंडल संगणकाच्या मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसविता व काढता येते, त्यास ग्राफिक्स कार्ड असे म्हणतात. त्यावरील प्रक्रियक जीपीयू या आद्याक्षरांनी ओळखला जातो. गेम खेळण्यासाठी वापरला जाणारा मेजावरील संगणक पाचसहा वर्षांनी अपुरा पडू लागला, की बहुधा हाच भाग बदलण्यात येतो. तो बदलणे सोपे असते; एक-दोन स्क्रू व एखाददुसरी वीजजोडणी एवढाच प्रश्न असतो. निवड मात्र सोपी नसते. कार्डाची किंमत पुष्कळदा उरलेल्या संपूर्ण संगणकाच्या त्या वेळच्या मोलापेक्षा अधिक असते आणि चुकीचे कार्ड घेतले, तर पैसे वाया जातातच. पण निकृष्ट वीजपुरवठ्यामुळे चालू असलेला संगणकही गमवावा लागतो. प्रस्तुत नोंदीत सुमारे २०११ ते २०१९ या काळातील मेजावरील संगणक गृहीत धरले आहेत. लॅपटॉपमध्ये जीपीयू सामान्यतः मुख्य मंडलावरच डाखलेला असल्याने तेथे हा प्रश्न उद्‌भवत नाही.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा रंगीत चित्रासाठी त्यात सीजीए नावाचे कार्ड बसविता येत असे. त्याची स्मृती १६ किलोबाइट होती व ३२० × २०० चित्रबिंदूंचे चित्र एका वेळी चार रंगांत दाखविता येई. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए या प्रकाराने ६४० × ४८० चित्रबिंदू व १६ रंग शक्य झाले. त्याची १५ टाचण्यांची जोडणी पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकली आणि जुन्या मॉनिटरांवर ती अजूनही आढळते. ही सर्व कार्डे तयार झालेले चित्र पडद्यापर्यंत पोहोचविण्याचे काम करीत; चित्र रचण्याचे काम मुख्य प्रोसेसरच करी. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीच्या व्हूडू कार्डाने त्रिमितीय चित्रणाची आकडेमोड स्वतःकडे घेतली. गंमत म्हणजे या कार्डाला साधे द्विमितीय चित्र दाखविता येत नसे. त्यामुळे संगणकात आणखी एक कार्ड ठेवून दोन्ही कार्डे बाहेरून तारेने जोडावी लागत. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड जीपीयू या नावाने विकावयास आणले आणि तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता पुढे एनव्हिडियाने घेतली. १९८५ साली कॅनडात स्थापन झालेली एटीआय ही कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. इंटेलने २०२२ मध्ये आर्क या नावाची कार्डे आणेपर्यंत या क्षेत्रात दोनच प्रमुख निर्माते उरले होते.

कार्य व मर्यादा : गेममधील हलते चित्र हे एकामागून एक दाखविल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांचे बनलेले असते. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवावयाच्या, तर एका फ्रेमसाठी सु. १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. या अवधीत दोन कामे होतात. मुख्य प्रोसेसर खेळातील पात्रांच्या हालचाली, टकरी, प्रतिस्पर्ध्यांचे वर्तन इत्यादींचा हिशेब करून काय रेखाटावयाचे त्याच्या आज्ञा तयार करतो व जीपीयू त्या आज्ञांनुसार चित्र रंगवितो. एक फ्रेम रंगविली जात असतानाच प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीस लागतो. त्यामुळे अंतिम वेग दोहोंच्या बेरजेवर अवलंबून नसून त्यांपैकी जो अधिक वेळ घेतो त्यावर ठरतो.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या खेळात जुन्या प्रोसेसरला फ्रेमच्या तयारीस २० मिलिसेकंद व जुन्या कार्डाला रंगविण्यास ४० मिलिसेकंद लागतात असे मानू. सेकंदाला २५ फ्रेम मिळतील. दुप्पट वेगाचे कार्ड बसविले, तर कार्डाचा वेळ २० मिलिसेकंद होऊन ५० फ्रेम मिळतील. खर्च सार्थकी लागला. चौपट वेगाचे कार्ड मात्र १० मिलिसेकंदांत काम संपवून प्रोसेसरची वाट पाहत बसेल आणि फ्रेम ५० च राहतील. दुकानदार व जाहिराती या दुसऱ्या बाबीविषयी सहसा बोलत नाहीत. तथापि त्या जादा शक्तीचा काहीच उपयोग नाही असेही नव्हे. १९२० × १०८० ऐवजी २५६० × १४४० चित्रबिंदूंचा मॉनिटर जोडला, तर कार्डाचे काम पावणेदोन पटींनी वाढून वेळ सु. १८ मिलिसेकंद होईल, म्हणजे तेवढ्याच ५० फ्रेममध्ये अधिक रेखीव चित्र मिळेल. प्रोसेसरने घातलेली मर्यादा ही फ्रेमच्या संख्येवर असते, चित्राच्या प्रतीवर नसते.

आपल्या संगणकात नेमका कोणता भाग कमी पडतो हे खर्च करण्यापूर्वी विनामूल्य तपासता येते. नेहमीचा खेळ १९२० × १०८० वर खेळून फ्रेम मोजाव्यात व नंतर तोच प्रसंग १२८० × ७२० वर खेळावा. चित्रबिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर, म्हणजे निम्म्याहूनही कमी होतात. फ्रेम लक्षणीय वाढल्या, तर कार्ड अपुरे होते. त्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तर दोष प्रोसेसरकडे किंवा मुख्य स्मृतीकडे आहे व नवे कार्ड घेऊन तो जाणार नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजरवर दिसणारा जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर त्याचाही अर्थ हाच की कार्ड पूर्ण ताणले गेले आहे. प्रोसेसरच्या वापराचा आकडा मात्र फसवा असतो. चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा एकच गाभा पूर्ण गुंतला, तर टास्क मॅनेजर सु. २५ टक्के वापर दाखवितो. यावरून प्रोसेसर मोकळा आहे असा समज होतो, परंतु सगळा खेळ त्या एका गाभ्यापाशी अडलेला असतो. कार्ड बदलण्याआधी मुख्य स्मृतीची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी बसवून पाहावी. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारे दोन मार्ग मिळतात आणि पुष्कळ खेळांतील अडखळणे एवढ्याने थांबते.

स्लॉट व त्याचे पदर : २००४ नंतरच्या मदरबोर्डांवर ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस जातीचा लांब स्लॉट असतो. त्यापूर्वीचा एजीपी स्लॉट असलेल्या संगणकाचा विचार येथे करण्याचे कारण नाही. त्यासाठी नवी कार्डे बनतच नाहीत. पीसीआय एक्सप्रेसमध्ये माहिती वाहून नेणारे स्वतंत्र पदर असून लांब स्लॉटमध्ये असे १६ पदर असतात. पहिल्या पिढीत प्रत्येक पदरातून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट माहिती जाई. २००७ च्या दुसऱ्या पिढीत हा वेग ५०० व २०१० मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या पिढीत सु. ९८५ मेगाबाइट झाला. चौथ्या व पाचव्या पिढीत तो पुन्हा प्रत्येकी दुप्पट झाला. इंटेलच्या २०११ च्या प्रोसेसरांवर दुसरी पिढी, २०१२ पासून तिसरी व २०२१ पासून चौथी पिढी मिळते. एएमडीच्या एफएक्स मालिकेसोबत दुसरी, २०१७ च्या पहिल्या रायझेनसोबत तिसरी आणि २०१९ मध्ये रायझेन ३००० बरोबर चौथी पिढी आली. कोणत्याही पिढीचे कार्ड कोणत्याही पिढीच्या स्लॉटमध्ये चालते. वेग दोहोंपैकी जुन्या पिढीचा मिळतो.

येथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते व ती दिलासा देणारीही आहे. तिच्यातील अडचण अशी, की अलीकडच्या स्वस्त कार्डांत निर्माते १६ पदर जोडीतच नाहीत. कार्डाची कडा पूर्ण लांबीची दिसते, परंतु तिच्यातील आठ किंवा चारच पदर वापरात असतात. एएमडीचे २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे ठळक उदाहरण होय. त्याची स्मृती ४ गिगॅबाइट व पदर चार. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला सु. ८ गिगॅबाइट वेग मिळतो, तिसऱ्या पिढीत ४ व दुसऱ्या पिढीत अवघा २ गिगॅबाइट. खेळातील चित्रसामग्री ४ गिगॅबाइटमध्ये मावते तोवर हे जाणवत नाही. ती मावेनाशी झाली, की उरलेली सामग्री संगणकाच्या मुख्य स्मृतीत ठेवून या अरुंद वाटेने आणावी लागते आणि खेळ झटके खात चालतो. म्हणजे जुन्या संगणकधारकास परवडेल अशा किमतीचे हे कार्ड जुन्या संगणकातच सर्वांत वाईट चालते. त्याच वर्षीचे आरएक्स ६४०० हेही चार पदरांचेच आहे. २०२१ चे आरएक्स ६६०० व एनव्हिडियाचे २०२३ चे आरटीएक्स ४०६० यांना आठ पदर व ८ गिगॅबाइट स्मृती आहे. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्यांना सु. ८ गिगॅबाइट वेग मिळतो व स्मृती पुरेशी असल्याने बहुतेक खेळांत तूट थोडी राहते. २०२१ चे १२ गिगॅबाइटचे आरटीएक्स ३०६० पूर्ण १६ पदरांचे असल्याने जुन्या मदरबोर्डाला या दृष्टीने अधिक मानवते.

वीजपुरवठा : स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट शक्ती मिळू शकते. यापेक्षा अधिक लागल्यास एसएमपीएसमधून स्वतंत्र तारा जोडाव्या लागतात. सहा टाचण्यांची जोडणी ७५ वॉट व आठ टाचण्यांची १५० वॉट देते. मोठ्या कार्डांसाठी २०२२ पासून आलेली नवी जोडणी ६०० वॉटपर्यंत शक्ती देऊ शकते, परंतु तेवढी कार्डे जुन्या संगणकाच्या आवाक्यातील नव्हेत. कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपन्यांचे संगणक पुनर्विक्रीस येतात, तेव्हा त्यांत बहुधा २४० ते ३०० वॉटचा एसएमपीएस असतो व कार्डासाठीची वेगळी तार मुळीच नसते. अशा वेळी तारेशिवाय चालणारी कार्डे हाच सरळ मार्ग ठरतो. २०१४ चे ६० वॉटचे जीटीएक्स ७५० टीआय हे या वर्गातील नावाजलेले कार्ड होते. त्यानंतर २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चे जीटीएक्स १६५० ही प्रत्येकी ७५ वॉटची कार्डे व २०२४ चे ६ गिगॅबाइट स्मृतीचे, ७० वॉटचे आरटीएक्स ३०५० ही याच वर्गातील होत. जीटीएक्स १६५० मध्ये काही उत्पादक सहा टाचण्यांची जोडणी ठेवतात. तेव्हा प्रत्यक्ष कार्ड पाहूनच ते घ्यावे.

एसएमपीएसवर छापलेला एकूण वॉटचा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर हे दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या शाखेवर चालतात. म्हणून लेबलावर त्या शाखेपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे व त्यास १२ ने गुणावे. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॉट. ७७ वॉटचा प्रोसेसर, १३२ वॉटचे आरएक्स ६६०० आणि मदरबोर्ड, चकत्या व पंखे यांचे मिळून ५० वॉट धरले, तर बेरीज सु. २६० वॉट होते. क्षणिक ओढ याहून बरीच अधिक असते, म्हणून वर शंभरेक वॉटची सवड राहणे इष्ट असते. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॉट छापलेले असले, तरी १२ व्होल्टची शाखा निम्मीही शक्ती देत नाही असे प्रकार आढळतात. हातात घेताच हलके लागणे ही अशा एसएमपीएसची ढोबळ खूण होय. सहा टाचण्यांची तार नसल्यास हार्ड डिस्कच्या साटा जोडणीतून ती काढून देणारे तुकडे बाजारात मिळतात. ते वापरू नयेत. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट असते. तिच्यातून ७५ वॉट ओढले गेल्यास प्लॅस्टिक वितळून आग लागण्याचा संभव असतो. नव्या चांगल्या एसएमपीएसचा खर्च कार्डाच्या खर्चातच धरावा. पुढे संगणक बदलला, तरी तो उपयोगी पडतो.

भारतात आणखी एक भाग विचारात घ्यावा लागतो, तो म्हणजे यूपीएस. घरगुती वापरातील ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. मॉनिटर धरून भार याच्या जवळ गेला, तर एरवी सर्व सुरळीत चालते आणि वीज जाताच संगणक तत्क्षणी बंद पडतो, म्हणजे ज्या प्रसंगासाठी यूपीएस घेतला नेमक्या त्याच प्रसंगी तो निकामी ठरतो.

स्मृती व नावांचा घोटाळा : कार्डावरील स्मृती किती गिगॅबाइट आहे याइतकेच, ती किती वेगाने वाचली जाते याला महत्त्व आहे. स्मृतीकडे जाणाऱ्या मार्गाची रुंदी बिटांमध्ये घेऊन तीस प्रत्येक तारेवरील वेगाने गुणावे व आठाने भागावे, म्हणजे सेकंदाला किती गिगॅबाइट हे कळते. जीटीएक्स १०५० टीआयमध्ये १२८ बिट व ७ गिगॅबिट यांचे ११२ गिगॅबाइट होतात. आरएक्स ६६०० मध्ये १२८ बिट व १४ गिगॅबिट यांचे २२४. आरटीएक्स ३०६० मध्ये १९२ बिट व १५ गिगॅबिट यांचे ३६०. या हिशेबाचा खरा उपयोग एकाच नावाची दोन कार्डे ओळखण्यासाठी होतो. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ स्मृतीसह आले व त्याचा वेग ४८ गिगॅबाइट होता. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर४ स्मृतीचे कार्ड विकले जाऊ लागले, त्याचा वेग १६.८ गिगॅबाइट आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोहोंवर २ गिगॅबाइट असेच लिहिलेले असते. ३ व ६ गिगॅबाइटच्या जीटीएक्स १०६० मध्ये फरक केवळ स्मृतीचा नसून गणनएककांचाही आहे : अनुक्रमे १,१५२ व १,२८०. ६ गिगॅबाइटच्या आरटीएक्स ३०५० मध्ये २,३०४, तर आधीच्या ८ गिगॅबाइटच्या कार्डात २,५६० एकके आहेत. आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८ एसपी अशी अक्षरे असल्यास तेही कमी एककांचे कार्ड समजावे. निर्मात्यांच्या या प्रथेस फसवणूक म्हणता येत नसले, तरी सामान्य ग्राहकाला ती फसवणुकीसारखीच भोवते.

१९२० × १०८० चित्रबिंदूंसाठी आज ४ गिगॅबाइट स्मृती जुन्या खेळांपुरतीच ठीक आहे. नव्या खेळांसाठी ८ गिगॅबाइट ही किमान मर्यादा मानणे योग्य होय. चित्र कमी चित्रबिंदूंत रंगवून नंतर मोठे करण्याची डीएलएसएस व एफएसआर ही तंत्रे उपलब्ध आहेत. पहिले एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवरच चालते. एएमडीने २०२१ मध्ये आणलेले दुसरे जुन्या व इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालत आले आहे. तंत्राने फ्रेम वाढतात, स्मृतीची उणीव मात्र थोडीच भरून निघते.

मदरबोर्ड, ड्रायव्हर व खेळांच्या अटी : २०१२ पूर्वीच्या अनेक मदरबोर्डांतील मूळ आज्ञावली जुन्या बायॉस पद्धतीची असून काही नवी कार्डे बसविल्यावर तेथे पडदा काळाच राहतो. मदरबोर्ड उत्पादकाने शेवटची प्रसिद्ध केलेली बायॉस आवृत्ती प्रथम चढवावी, हा उपाय पुष्कळदा पुरतो. इंटेलच्या आर्क कार्डांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना रिसायझेबल बार ही सुविधा लागते. तिच्यामुळे प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण स्मृती एकदम हाताळता येते. ती नसल्यास आर्कचा वेग फार घटतो आणि इंटेल अधिकृतपणे दहाव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे प्रोसेसर सुचविते. डिसेंबर २०२४ मधील आर्क बी५८० हे १२ गिगॅबाइटचे कार्ड २४९ डॉलर किमतीमुळे जुन्या संगणकांसाठी आकर्षक वाटले होते. परंतु त्याचे ड्रायव्हर प्रोसेसरवर अधिक भार टाकतात व मंद प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच कमी होतो असे परीक्षणांत दिसून आले. स्वस्त असूनही ते जुन्या संगणकाचे कार्ड नव्हे.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज व कार्ड यांमधील दुभाषी आज्ञावली. तिच्या नव्या आवृत्त्या बंद झाल्या, की कार्ड चालत राहते पण नव्या खेळांशी त्याचे जुळेनासे होते. २०१२ च्या सुमारास आलेल्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने हे काम २०२१ मध्ये थांबविले. मॅक्सवेल व पास्कल, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंतच्या बहुतेक कार्डांसाठी ते ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षाविषयक दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. एकेकाळी सर्वत्र शिफारस होणारे जीटीएक्स १०६० आज घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही.

काही खेळ आता विशिष्ट क्षमतेची अटच घालतात. प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची यंत्रणा, म्हणजे रे ट्रेसिंग, एनव्हिडियाच्या कार्डांत २०१८ पासून आली. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) व डूम : द डार्क एजेस (२०२५) हे खेळ तिच्याशिवाय सुरू होत नाहीत. जीटीएक्स नावाची कार्डे त्यामुळे येथे बाद ठरतात, मग त्यांचा वेग कितीही असो. प्रोसेसरच्या बाबतीतही असेच घडते. एव्हीएक्स२ हा आज्ञासंच इंटेलच्या २०१३ पूर्वीच्या प्रोसेसरांत नाही व तो अपेक्षित धरणाऱ्या खेळापुढे कोणतेही कार्ड उपयोगी पडत नाही.

जागा, उष्णता व मॉनिटर : कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का हे फूटपट्टीने मोजून घ्यावे. चपट्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते व अशी कार्डे मोजकीच आहेत. एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून पुढच्या कार्डांतून व्हीजीए मॉनिटरला लागणारा सदृश संदेश बाहेर पडत नाही. जुना व्हीजीए मॉनिटर ठेवावयाचा असल्यास संदेशाचे रूपांतर करणारा सक्रिय जोड घ्यावा लागतो. केवळ टाचण्यांचा आकार बदलणारा स्वस्त जोड येथे चालत नाही. एनव्हिडियाची अनेक कार्डे सु. ८३° से. तापमानाला पोहोचली, की आपला वेग आपोआप कमी करतात. अकोला, नागपूरकडील मे महिन्यात खोलीचेच तापमान ४०° से.च्या आसपास असते. तेथे मागून हवा बाहेर टाकणारा एक पंखा व धूळ साफ करण्याचा नियम यांनी पडणारा फरक एका पायरीवरचे महाग कार्ड घेण्याइतका असू शकतो.

वापरलेली कार्डे : मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस यांसारख्या बाजारांत व खाजगी व्यवहारांत वापरलेली कार्डे निम्म्या-पाऊण किमतीस मिळतात. ईथेरियम या आभासी चलनाची निर्मिती १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डांवर होत असे. ती पद्धत त्या दिवशी बंद झाली व अहोरात्र चाललेली असंख्य कार्डे बाजारात आली. अशा कार्डाचा जीपीयू बिघडलेलाच असतो हा समज अतिरेकी आहे. झिजतात ते प्रथम पंखे, आणि स्मृतीवरील उष्णतावाहक गाद्या वाळतात. हे दोन्ही थोड्या खर्चात बदलता येते. खरा धोका बनावट कार्डांचा. दहाबारा वर्षांपूर्वीच्या कार्डाची बायॉस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार सर्रास झालेले आहेत. जीपीयू-झेड या विनामूल्य आज्ञावलीने गणनएकके, मार्गाची रुंदी व स्मृतीचा प्रकार वाचून खऱ्या आकड्यांशी ताडावा. विक्रेत्यासमोर वीस-तीस मिनिटे पूर्ण भार देऊन पडद्यावर ठिपके, पट्टे वा चौकोन उमटत नाहीत ना हे पाहावे. एवढी परीक्षा करू न देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नये.

निवडीची उदाहरणे : २०१२ चा कोअर आय५ ३४७० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ गिगॅबाइट स्मृती व तारेविना एसएमपीएस असलेला कार्यालयीन संगणक घेऊ. त्यात जीटीएक्स १६५० किंवा ६ गिगॅबाइटचे आरटीएक्स ३०५० बसवून थांबावे. साधारण २०१८ पर्यंतचे बहुतेक खेळ त्यावर समाधानकारक चालतात. आरएक्स ६६०० साठी एसएमपीएसही बदलावा लागेल आणि त्याची बरीच शक्ती या प्रोसेसरपुढे पडून राहील. अगदी नवे खेळ हवे असतील, तर या संगणकावर आणखी पैसा घालण्यापेक्षा तो जमवून ठेवावा, हेच प्रामाणिक उत्तर होय. २०१७ चा कोअर आय५ ८४०० किंवा २०१८ चा रायझेन ५ २६०० यांची गोष्ट निराळी आहे. सहा गाभ्यांच्या या प्रोसेसरांना आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० शोभते व संगणकास आणखी तीनचार वर्षांचे आयुष्य मिळते. रायझेनच्या धारकाला आणखी एक सोय आहे. २०२२ पासून एएमडीने जुन्या ३०० मालिकेच्या मदरबोर्डांनाही रायझेन ५००० चालविण्याची मुभा दिली. त्यामुळे बायॉस बदलून त्याच मदरबोर्डवर रायझेन ५ ५६०० बसविता येतो व जुनीच डीडीआर४ स्मृती चालते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून स्मृतीचे भाव भडकले, तेव्हा या सोयीचे मोल अधिकच वाढले.

कार्ड बदलताना जुन्या कार्डाचे ड्रायव्हर आधी काढून टाकावेत, संगणकाची वीज भिंतीपासून तोडावी व कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् उतरवावी. स्लॉटच्या टोकाची कळ दाबल्याशिवाय जुने कार्ड ओढू नये. मॉनिटरची तार नव्या कार्डातच घालावी. ती मदरबोर्डवरच राहिल्याने कार्ड बिघडल्याची तक्रार घेऊन दुकानात येणारे ग्राहक थोडे नसतात. उतरविलेले कार्ड चालू असल्यास ते दुसऱ्या संगणकाच्या कामी येते. निकामी झालेले मंडल नेहमीच्या भंगारात देऊ नये, कारण त्यातील तांबे व सोने मिळविण्यासाठी ते उघड्यावर जाळले जाते किंवा आम्लात टाकले जाते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून अशी मंडले नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचविण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे.